व्हिजिटर, गेस्ट आणि पाय धुवायचं पाणी

तुमसर रोडच्या फलाटावर बाबा माझ्याशी बोलत नव्हते, माझ्या पेटीशी बोलत होते. "हे कडी ढिल्ली आहे. दोरी आनखी आवळाले पायजे होती." मग गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. बपेऱ्याकडून येणाऱ्या एस.टी.त बसल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार, आणि दिवस रोवण्याचे. म्हणजे धानाची रोपं उपटून बांधीत, भाताच्या खाचरात, लावायची घाई. गावातला एकेक हात चिखलात. अशा दिवसांत एक माणूस आपल्या पोरीला नर्सिंग शिकायला पुण्याला धाडतो आणि वर तिला पोचवायला स्टेशनावर येतो, म्हणजे गावाच्या हिशेबी तो येडाच. माय आली नव्हती. निघताना तिनं बांधीतूनच वर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो ओला होता आणि माझी वेणी तुमसरपर्यंत ओली राहिली.

गाडी दिसली तेव्हा बाबा पेटी सोडून माझ्याकडे वळले. "जाऊन राहिली तं जाय. चांगली शिक. पन सुमे, पावनी होऊन नोको येजो."

मला हसू आलं. आपल्याच घरी कोणी पाहुणी होतं का? मी म्हटलं, "बाबा, तुमी बी काय बोलता!" आणि गाडीत चढले. तुम्ही जे तिकडेच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पेट्या बांधून निघालात, तुमच्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी असं काहीतरी सांगितलं असणार. आपण तेव्हा हसतोच.

पुण्यात मी तोंड उघडलं की होस्टेलच्या पोरी खो-खो हसायच्या. "मले" म्हटलं की हसायच्या, "का"च्या जागी "काहून" म्हटलं की उशीत तोंड खुपसायच्या. मी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. "तुमच्या त्या अय्या-इश्शपेक्षा माझं काहून बरं," असं एकदा ठणकावलं, तेव्हा कुठे थोडं थांबलं. त्या पोरींचं मला कधी भय वाटलं नाही. भय वाटलं ते होस्टेलच्या दाराशी पहाऱ्याला बसलेल्या दोन इंग्रजी शब्दांचं.

एक व्हिजिटर, दुसरा गेस्ट. माझ्या तुमसरहून घेतलेल्या शब्दकोशात दोन्हींपुढे एकच शब्द होता, पाहुणा. होस्टेलात मात्र दोघांची जात वेगळी. व्हिजिटर म्हणजे रविवारी चार ते सहा. त्यानं व्हिजिटर्स रूममधल्या बाकावर बसायचं, आणलेला डबा द्यायचा आणि घंटा झाली की उठायचं. गेस्टसाठी मेट्रनना आधी सांगून ठेवायचं. त्याला मेसमध्ये ताट मिळे, बाई असेल तर खाटही मिळे. मुक्कामाचं आणि जेवणाचं माणूस ते गेस्ट, तोंड दाखवून जाणारं ते व्हिजिटर. नंतर वॉर्डात ड्यूटी लागली तेव्हा तर दिवसभर व्हिजिटरच व्हिजिटर. घंटा झाली की "चला, चला, टाइम झाला" म्हणत मीच त्यांना हाकलायची. हळूहळू मला या दोघांचा स्वभाव कळला. व्हिजिटर सारखा घड्याळाकडे बघतो. गेस्टनं घड्याळ पाहिलं तर यजमानाला राग येतो. व्हिजिटर कशालाही असू शकतो, पेशंटला, कारखान्याला, पिंजऱ्यातल्या वाघालासुद्धा. गेस्ट मात्र कोणाचा तरी असावा लागतो.

आमच्या भागात गेस्ट हा शब्द एकाच ठिकाणी राहत होता, चिखल्याच्या खाणीकडच्या गेस्ट हाउसात. तिथं बाहेरगावचे साहेब उतरत. त्यामुळे गेस्ट म्हणजे ज्याच्यासाठी कोंबडी कापतात तो, एवढं बाबांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी बाबा पुण्याला आले. न कळवता, आणि तेही बुधवारी. खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, पिशवीत लाखोळीची डाळ. दरवाज्यावरच्या वॉचमननं विचारलं, "व्हिजिटर का गेस्ट?" बाबा म्हणाले, "बाप." वॉचमन पुन्हा तेच विचारी, बाबा पुन्हा तेच सांगत. शेवटी मेट्रनना दया आली आणि तासाभराची परवानगी मिळाली.

मी धावत खाली आले तर बाबा व्हरांड्याच्या पायरीखालीच उभे. "आत या ना बाबा, बसा." हलेनात. दिवसरात्रीच्या प्रवासानं पाय काळे झालेले, धोतराचा काठ मळलेला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, यांना पाणी कुणी दिलंच नाही! आमच्याकडे पाहुणा आला की आंगणातच थांबतो. घरातून कोणीतरी गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाणी आणून देतं, पाहुणा पाय धुतो, मगच उंबरा ओलांडतो. पाण्याशिवाय आत शिरणारा एकतर घरचा असतो, नाहीतर चोर. मी मेसमधून स्टीलचा जग पळवून आणला. बाबांनी पायरीवर बसून निवांत पाय धुतले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. सगळा चिखल फरशीवरून वाहत वॉचमनच्या स्टुलापर्यंत गेला आणि तो करवादला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत आले, त्या सहा बाकांच्या भकास खोलीकडे बघून म्हणाले, "चांगलं आहे तुह्यं घर."

गावच्या गोष्टी झाल्या, दादासाठी मुली पाहणं चाललं होतं ते झालं, आणि घंटा वाजली. माझ्या आधी तेच उठले. "मी आता तुह्या इथचा पावना झालो," म्हणाले. "आमचं ठीक आहे. बुढा मानूस पावनाच बरा. पन तू आमच्या इथची पावनी नोको होऊ." पुन्हा तेच! मी चिडले. "बाबा, कितींदा सांगाल?" त्यांनी गाठोड्याचं रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि ते गेले.

शिक्षण झालं, नोकरी लागली आणि मी एका बाईंच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहू लागले. हे गावी कळवलं तेव्हा मायनं दादाकडून उलट टपाली लिहून पाठवलं, की पावना अन् पैसे देते? कोनतं घर म्हनाव हे? पटवून पटवून मी थकले. त्या बाई स्वभावानं चांगल्या होत्या, पण मी स्वयंपाकघरात पाय टाकला की त्यांच्या कपाळाला आठी. मी त्यांच्याकडे चार वर्षं राहिले आणि एकदाही त्यांच्या माठातलं पाणी हातानं घेतलं नाही. त्या घरात मला झोप लागायची, पण बूड टेकायचं नाही. सुटीच्या दिवशीही मी उगीच रस्त्यानं फिरत राहायची.

म्हणून मी वर्षभर मंडईची वाट बघायची. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर दंडारीची नाचगाणी, सोंगं होतात, पाळणे लागतात, ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी दहा गावचे पाहुणे जेवायला. घरचे लोक त्या दिवशी नुसते राबतात. मलाही राबायचं होतं. दादाचं लग्न झाल्यावरच्या पहिल्या मंडईला मी अशीच उतावीळ होऊन घरी पोचले, पिशवी खांद्याला, चपला हातात. आंगणात पाऊल टाकते तोच आतून नवी वहिनी लगबगीनं आली. डोक्यावर पदर, हातात घासूनपुसून लख्ख केलेला गडवा. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, पाय धुवा."

अंगावर उकळतं पाणी पडावं तसं झालं मला. तो गडवा मी लहानपणी राखेनं घासलेला होता! मी तो ओलांडला, तरातरा रांजणाशी गेले, स्वतः पाणी घेतलं आणि पाय धुतले. वहिनीचा चेहरा उतरला. तिचं तरी काय चुकलं? तिनं मला या घरात राहताना पाहिलंच नव्हतं. बाबा ओसरीतून बघत होते. "सूनबाई, तिले पानी नोको देत जाऊ," ते म्हणाले. वहिनी हळूच म्हणाली, "नणंदेले पानी नाई देलं तं लोक काय म्हनतीन मामाजी?" तिचंही खरंच होतं. लोक तिलाच बोल लावतील.

त्या वर्षी मी भांडून काम केलं. पीठ मळलं, वाढलं, खरकटं काढलं. पुढच्या वर्षी वहिनीनं पुन्हा गडवा आणला. मी कुरकुरत पाय धुतले, तिचं मन कशाला मोडा. त्याच्या पुढच्या वर्षी कुरकुरलेही नाही. रजा चार दिवसांची, त्यातले दोन गाडीत. जेवायला मला पहिल्या पंगतीत बसवू लागले, पाहुण्यांबरोबर. मीठ कुठे ठेवलंय हे मला विचारावं लागू लागलं. माझं सगळं लक्ष परतीच्या गाडीकडे असायचं. म्हणजे मी गेस्टही नव्हते, घड्याळाकडे बघणारी व्हिजिटरच होते. तिकडे पुण्यात असले की आमच्या तलावाची पाळ डोळ्यांपुढे यायची, इकडे आले की वॉर्डातल्या ड्यूटीची घंटा कानात वाजायची. असा जीव दोन्हीकडे लटकलेला.

बाबांना लकवा झाल्याची तार आली तेव्हाही रोवण्याचेच दिवस होते. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर तार केली होती, म्हणजे जिवावरचं टळलं होतं. रजा मिळवून मी भर दुपारी घरी पोचले. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळे बांधीत. आमचं दार सताड उघडं, ओसरीत बाजेवर बाबा पडलेले. एवढा धिप्पाड माणूस, पण पांघरुणाखाली काही आहे की नाही असं वाटावं. मोतीबिंदूनं डोळेही अधू झालेले. मी आंगणात उभी राहिले. चपला हातात घेतल्या. आणि उभीच राहिले.

त्यांना चाहूल लागली. मान थोडी वळली. "कोन आहे जी?" अक्षरं अडखळत येत होती. त्यांनी डोळे बारीक करून आंगणातली बाईमाणसाची आकृती पाहिली आणि म्हणाले, "थांबा जी बाई. घरी कोनी नाई. मी आनतो पानी."

आणि ते उठायला लागले. चालणारा हात बाजेखाली गडवा शोधू लागला, एक पाय खाली आला, दुसरा येईना. तेव्हा मला कळलं मी काय करतेय. मी पाण्याची वाट बघत थांबले होते. माझ्या घरी, माझ्या बापाच्या दारात, गडवा कधी येतो म्हणून मी उभी होते!

चपला फेकल्या आणि रांजणाकडे पळाले. तांब्या बुडवला, भसाभसा पायांवर पाणी ओतलं, अर्धं लुगड्यावर. पाण्याचा तो आवाज ऐकून बाबांचा हात थांबला.

"सुमी होय का?"

"हो बाबा. मीच होय."

"मंग उभी काहून होती? मले वाटलं, कोनी पावनी आली."

मी ओल्या पायांनीच बाजेवर बसले आणि त्यांचा पाय उचलून वर घेतला. रडले, अगदी हंबरडा फोडून रडले. ते एका हातानं माझी वेणी चाचपत राहिले. संध्याकाळी माय आणि वहिनी चिखलानं माखून आल्या, तोवर मी चूल पेटवून भात टाकला होता. मीठ शोधून काढलं होतं.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मी अजून पुण्यातच आहे. आता क्वार्टर माझं आहे, माठही माझा आहे, तरी जीव एका जागी ठरत नाही तो नाहीच. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की अजूनही उत्तर द्यायला मला वेळ लागतो. पण गावी गेले की एवढं मात्र करते, आंगणात थांबत नाही. वहिनी गडवा घेऊन बाहेर येईपर्यंत मी रांजणाशी पोचलेली असते. ती म्हणते, "ताई, एवढी कायची घाई हो?" घाई आहेच. ओसरीतली बाज कधीची रिकामी आहे, तरी मला धास्ती वाटते. मला पाहुणी समजून तिच्यावरून कोणी उठायला नको.