लेब्याझ्येचं तेल आणि वेनियामिन शाद्रिन

वेनियामिन शाद्रिन आणि मी त्युमेनच्या तेलसंस्थेत पाच वर्षं एका खोलीत राहिलो आणि १९७२च्या ऑक्टोबरात एकाच हेलिकॉप्टरमधून सोर्युगानला उतरलो. तेव्हा सोर्युगान म्हणजे दलदलीत उभी केलेली चाकांवरची चाळीसेक लाकडी घरं आणि एक भटारखाना. आम्हा दोघांत हुशार मी होतो. हे मी म्हणत नाही, गुणपत्रिका म्हणते. भूगर्भशास्त्रात तो दोनदा नापास झाला आणि दोन्ही वेळा मीच त्याला घोकवून पास करवलं.

रिगवर तो अगदीच कुचकामी होता. उंचीला घाबरायचा, पाना चुकीचा उचलायचा, आणि दगडाचा नमुना हातात दिला की पुढून-मागून नुसता बघत राहायचा. पण कोणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत, कोणाच्या आईला कुठलं औषध मिळत नाही, हे त्याला तोंडपाठ. सबंध तुकडी त्याच्यावर खूश. ओब नदीतला मुक्सून मासा मी गोठलेल्या पाण्याला भोक पाडून, तीन तास कुडकुडत पकडायचो, आणि सुरी चालवणारा त्या कच्च्या, गोठलेल्या माशाची पहिली पातळ चकती वेनियाच्या पुढ्यात ठेवायचा. मला शेपटीकडचा भाग. तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं म्हणा ना.

१९७८ला त्याला खोदकामातून उचलून कचेरीत बसवलं, आणि तीन वर्षांत तो थेट मॉस्कोला, तेल मंत्रालयात गेला. निरोपाच्या दिवशी माझ्या बायकोने, क्लावाने, स्वतः विणलेला गळपट्टा त्याच्या गळ्यात घातला.

मी घरी आल्यावर विचारलं, "माझे हातमोजे अजून अर्धेच आहेत ना गं?"

"तू कुठे मॉस्कोला चाललायस?" ती म्हणाली.

मी सोर्युगानलाच राहिलो. दलदलीच्या उत्तरेला लेब्याझ्ये नावाचं एक क्षेत्र होतं. तिथल्या सतरा नंबरच्या विहिरीतलं तेल आटत चाललं होतं, म्हणून वरून हुकूम आला की सिमेंट ओतून ती बंद करा. मी दोन वर्षं तिच्या नोंदी चाळल्या. माझी खात्री पटली की आटलेल्या थराच्या खाली आणखी एक थर आहे, आणि तो भरलेला आहे. माझ्या टिपणवहीत मी त्या थराला 'धाकटी बहीण' म्हणायचो. थोरलीने सगळं लक्ष वेधून घेतलं आणि धाकटीकडे कोणी पाहिलंच नाही, म्हणून. ही गंमत पत्रात कळवल्यावर वेनिया मॉस्कोत खूप हसला होता. १९८४ साली मी नव्वद पानांचा अहवाल मंत्रालयाकडे पाठवला. सहा महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: प्रस्ताव सध्या विचारात घेता येत नाही. खाली सही, वे. ग्ले. शाद्रिन.

विहिरीत सिमेंट ओतलं गेलं तेव्हा मी तिथे उभा होतो. पुढची नऊ वर्षं मी त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

मग देश मोडला, मंत्रालय गेलं, आणि १९९३च्या जानेवारीत, उणे चाळीसच्या थंडीत, एका दुपारी वेनिया आमच्या दारात उभा. टोपीवर बर्फ, हातात केक.

"वेनियामिन ग्लेबोविच! या ना, बसा," क्लावाची नुसती धांदल उडाली.

"क्लावा, अगं मला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस? तुझ्या त्या खिमा भरलेल्या पेल्मेनी असतील तर आण. मॉस्कोत पेल्मेनी म्हणून जे देतात ते खाऊन माणूस रडेल."

खाऊन झाल्यावर त्याने सांगितलं. दोघा जोडीदारांना घेऊन त्याने लहानशी कंपनी काढली होती, आणि लेब्याझ्येचा परवाना मागितला होता. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिखोन, मला तू हवास. मुख्य भूवैज्ञानिक म्हणून. धाकट्या बहिणीपर्यंत तूच नेशील आम्हाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने माझा अहवाल दोन ओळींत कचऱ्यात टाकला, तोच आता त्या अहवालावर कंपनी उभी करणार, आणि मी त्याच्या हाताखाली काम करायचं?

"मी सरकारी माणूस आहे," मी म्हणालो. "मला दुकानदारी जमत नाही."

"तुझं सरकार तुला सात महिने पगार देत नाहीये," क्लावा ओट्याकडून ओरडली.

वेनिया हसला नाही. टोपी घालून निघून गेला. क्लावाचा धाकटा भाऊ प्रोखोर मात्र दुसऱ्याच आठवड्यात त्याच्याकडे रिगवर लागला.

१९९५च्या मार्चमध्ये धाकटी बहीण सापडली. मी सांगितलं होतं त्यापेक्षा फक्त अकरा मीटर खाली. वेनियाने मला आणायला खास गाडी पाठवली. पहिलं तेल लागलं की ते एकमेकांच्या तोंडाला फासायचं ही आमच्याकडची रीत. तो काळ्या हातांनी धावत आला आणि माझ्या दोन्ही गालांना तेल फासून ओरडला, "हा! हा बघा, याने शोधलंय हे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या क्षणी त्यालाच खांद्यावर उचललं. मी तेलकट तोंडाने बर्फात उभा. माझं तेल, माझा थर, आणि खांद्यावर तो.

महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी मी कचेरीतल्या टाइपरायटरवर जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला एक निनावी पत्र लिहिलं. मंत्रालयात असताना शाद्रिनने लेब्याझ्येचा अहवाल मुद्दाम दाबला आणि पुढे स्वतःच ते क्षेत्र बळकावलं, असा मजकूर. पत्र पेटीत टाकलं आणि त्या दिवशी दोन वाडगे बोर्श्च, बीटाचं सूप, प्यायलो.

चौकशी सुरू झाली. लेब्याझ्येचं काम थांबवलं. साठ माणसं घरी बसली, त्यात प्रोखोरही. तो दररोज आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. "ज्या कुत्र्याने हे केलं तो मला भेटू दे एकदा," असं म्हणत चहात क्लाउडबेरीचा मुरंबा ढवळायचा. मी पेपर वाचायचो.

दोन महिन्यांनी मला साक्षीला बोलावलं. तपास करणारी बाई पन्नाशीची, सर्दीने हैराण. तिने एक जाड फाइल माझ्यापुढे सरकवली.

"हा अहवाल तुमचा ना, तिखोन येगोरोविच?"

माझाच होता. पण त्याला टाचलेले कागद मी कधीच पाहिले नव्हते. १९८४च्या मे महिन्यात शाद्रिनने वरिष्ठांना लिहिलेलं शिफारसपत्र: विहीर बंद करू नये, झिर्यानोवचं, म्हणजे माझं, म्हणणं खरं असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर लाल शाईत 'नाही'. जूनमध्ये दुसरं पत्र, आधीच्यापेक्षा लांब. त्यावरही 'नाही', आणि शेजारी ताकीद, की हा विषय पुन्हा आणू नये. सगळ्यात शेवटी त्याच्या नव्या कंपनीचा परवान्याचा अर्ज. 'थराचा शोध' या रकान्यात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"मग त्याने अहवाल दाबला असं तुम्हाला वाटतं का?" बाईंनी नाक पुसत विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"हे पत्र कोणी लिहिलं असेल, काही अंदाज?"

मी खाली बघितलं आणि म्हणालो, "काय माहीत."

चौकशी मिटायला आणखी दोन महिने लागले. तोवर दलदल कधीचीच वितळली होती, गोठलेल्या वाटेवरून यंत्रं न्यायचा मोसम हातचा गेला.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वेनिया माझ्या कचेरीत आला. समोरच्या खुर्चीत बसला.

"पत्राची प्रत मला वाचायला दिली होती त्यांनी. त्यात एके ठिकाणी 'धाकटी बहीण' असं लिहिलंय."

मी टेबलावरचा नकाशा सरळ करू लागलो.

"ते नाव कशाचं, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे, तिखोन. आणि मी तर लिहिलं नाही."

"वेनिया..."

"चार महिने!" त्याने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की ग्लासातला चहा नकाशावर सांडला. "साठ घरं! तुझा मेव्हणा रोज माझ्याकडे काम मागायला यायचा आणि परत तुझ्याच घरी चहा प्यायला जायचा. ऐकवत कसं होतं रे तुला?"

त्याने रुमालाने नकाशावरचा चहा टिपला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वीस वर्षं मी तुझ्यावर जळतोय, माहितेय? तू दगड हातात घेतोस आणि तुला काहीतरी दिसतं. मला आयुष्यात जमिनीखालचं काही दिसलं नाही. मी नुसत्या सह्या केल्या."

मला वाटायला हवं होतं की चला, बरोबरी झाली. पण खरं सांगतो, तेव्हा मला आणखीनच जळफळायला झालं. ही गोष्टसुद्धा माझ्याआधी त्यालाच बोलता आली, आणि ती पण किती सहज.

त्या संध्याकाळी मी क्लावाला आणि प्रोखोरला सगळं सांगितलं. प्रोखोरने माझं थोबाड फोडलं. डावीकडचा एक दात गेला. क्लावा बहिणीकडे सुर्गुतला निघून गेली. ती बेरी वेचायच्या दिवसांत परत आली, आणि पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलली. सप्टेंबरात मी वेनियाकडे गेलो आणि म्हणालो, "ती जागा अजून रिकामी आहे का?"

"दात बसवून घे आधी," तो म्हणाला. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

नऊ वर्षं मी त्याच्याकडे काम केलं. आम्ही आणखी तीन थर शोधले, म्हणजे मी शोधले आणि त्याने माणसं, पाइप, परवानग्या जमवल्या. माझ्या मुलांच्या वयाचे अभियंते माझ्याशी अदबीने बोलायचे आणि त्याच्याशी मनमोकळं हसायचे. तेवढंही मला टोचायचं. २००४ला एका मोठ्या कंपनीने आम्हाला गिळलं. तो मॉस्कोला जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो गेला नाही. शाळेसमोरच्या पाच मजली इमारतीत, दोन खोल्यांच्या घरात राहिला.

मागच्या फेब्रुवारीत तो गेला, झोपेतच. जमीन दगडासारखी गोठलेली. खोदकाम तुकडीच्या निवृत्त म्हाताऱ्यांनी दोन दिवस लाकडं जाळून कबरीची जागा मऊ केली, तरुणांना हातही लावू दिला नाही. कबरस्तानापासून नदीपर्यंत माणसांची रांग. उणे अडतीस, आणि एकही जण जागचा हलला नाही. क्लावा रडत होती, प्रोखोर रडत होता.

मीही रडलो. पण रडता रडता माझी नजर सारखी मागे वळत होती. ती माणसं मी मोजत होतो. आणि डोक्यात एकच: माझ्या वेळी यातले किती येतील?