बाकड्याखालचा बिल्ला

पंच्याहत्तरच्या सुमारास मी मंगरूळपीरच्या एका खासगी दवाखान्यात कारकून होतो. तिथला एक्स-रेवाला छातीवर बिल्ला लावून ऐटीत फिरायचा. "अंगावर किती किरणं पडले, हा मुंबईले जाऊन सांगते," म्हणायचा. बिल्ला दर महिन्याला तपासणीला जायचा.

एक्स-रेच्या खोलीचं दार पातळ, आणि बाहेर लगेच रोग्यांचं बाकडं. "दाराले शिशाचा पत्रा ठोका," हे त्याचं रोजचं टुमणं. डॉक्टर हसण्यावारी न्यायचे.

एकदा मुंबईहून तपासणीचे साहेबच धावत आले. "एवढी किरणं? तब्येत कशी आहे?"

"मी ठणठणीत हाय. बिल्ला बाकड्याखाली बांधला होता."

साहेबांनी त्याला झाप झाप झापलं आणि दाराला पत्रा ठोकवला.

"महिनाभर बिल्ल्याशिवाय राहिलास?" मी विचारलं.

"माह्या अंगावर शिशाचा एप्रन हाय, भाऊ. बाकड्यावरच्या बायायच्या अंगावर नुसतं लुगडं."