मीठ हलवणारी हाक

शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे कुजबुजबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एके काळी आवाज खणखणीत होता. नवरा गेल्यापासून तो उतरत गेला, आणि आता मागच्या रांगेतली पोरं खुशाल आपापसात गप्पा मारत बसायची. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शेवटी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की सोमवारी मी मागे बसून तास ऐकणार. ऐकू आलं नाही, तर पुढच्या वर्षी शिशुवर्ग दुसऱ्या बाईंकडे आणि तुम्ही कार्यालयात. बाईंच्या मनात आलं, घरी बोलायला कोणी नाही, आणि आता शाळेतही नुसती कपाटं आणि शिक्के?

म्हणून त्यांनी मुद्दाम आवाजाचाच धडा निवडला. याला हट्ट म्हणा, नाहीतर खोड. आवाजाने वस्तू थरथरते, हलते, हे मुलांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी तयारी मांडली. खोल वाडग्याच्या तोंडावर कापलेला फुगा ताणून बसवला, रबरबँडने आवळला, वर चिमूटभर मीठ पसरलं. फुंकर लागू नये म्हणून हनुवटी काठाच्या खाली आणली आणि "आ" केलं.

मीठ जागचं हललं नाही. रबर ढिलं असेल म्हणून त्यांनी ते पुन्हा आवळलं. मीठ दमट असेल म्हणून तव्यावर गरम करून घेतलं. फुगाच जुना निघाला असेल म्हणून खाली दुकानात जाऊन नवा आणला. तिथेही तोंड उघडायची वेळ आली नाही, बोट दाखवून काम भागलं. तरी मीठ आपलं ढिम्म. मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वाडगं, फुगा, मीठ, सगळं ठाकठीक होतं. गडबड होती ती घशात. परवा शाळा सुटल्यापासून त्या कोणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यांना फार एकटं वाटलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्या बसून राहिल्या. तिथे बसणारा माणूस पेपरात डोकं घालायचा तो तीन-तीन हाका मारल्याशिवाय वर बघायचा नाही. बाईंचा आवाज खणखणीत झाला होता तो काही उगीच नाही.

रिकाम्या घरात एकट्याने ओरडायचं म्हणजे वेड लागल्यासारखंच. त्यांनी खिडकी लावून घेतली. आधी पाढे म्हणून पाहिले, पण पाढ्यांना काही जोर चढेना. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी जुनी हाक मारली, "अहो!"

मीठ टणाटण उडालं. खुर्चीतून उत्तर काही आलं नाही. पुन्हा हाक मारायला त्या धजल्या नाहीत.

सोमवारी मोठ्या बाई मागच्या रांगेत, पोरांच्या इवल्याशा खुर्चीत कशाबशा मावल्या. बाईंनी मुलांना सांगितलं, घरी ज्याला हाक मारता, त्यालाच इथे मारा. मग काय विचारता. कोणी आईला हाक मारली, कोणी आजोबांना, एकाने तर कुत्र्याला, आणि मीठ टेबलभर झालं. तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "बाई, आता तुम्ही."

बाईंनी टाळाटाळ केली. नवं मीठ घातलं, ते उगीच सारखं केलं. मोठ्या बाई कान देऊन बसल्या होत्या. टाळणार तरी किती? त्यांनी हनुवटी खाली आणली, डोळे मिटले आणि हाक मारली, "अहो!"

मीठ नाचलं. मागच्या रांगेतल्या गप्पा बंद झाल्या, आणि मोठ्या बाईंनी पसंतीची मान डोलावली. बाईंनी ते पाहिलंच नाही. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते. हाक मारली की उत्तर येईपर्यंत थांबायचं, ही इतक्या वर्षांची सवय.

वेण्यांची मुलगीही थांबली. तिच्या घरी आई अशीच हाक मारायची, आणि त्यावर काय म्हणायचं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. कोणीच काही म्हणेना, तेव्हा तिने वाडग्याशी तोंड नेलं आणि बाबांसारखा जाडजूड आवाज काढला.

"काय गं?"

बाईंनी दचकून डोळे उघडले. मीठ जागचं सरकलं होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि पुढे काय शिकवायचं होतं ते त्यांना काही केल्या आठवेना.