उडत्या हंसाचा डॉलर

अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहणाऱ्या यशवंत गद्र्यांच्या घरात नाण्यांचं कपाट म्हणजे सोवळं होतं. कॅनडाच्या शताब्दीचा, सदुसष्ट सालचा, उडत्या हंसाचा चांदीचा डॉलर तर ते स्वतःसुद्धा हातमोजे घालून, कडेनं धरत. बोट लागलं की किंमत गेली, हे पोरांना शुभंकरोतीच्या आधी पाठ झालं होतं.

शहाऐंशीच्या दिवाळीत त्यांची थोरली बहीण अक्का सांगलीहून आली. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर बघतात, तर तो डॉलर हळदीकुंकू लावून लखलखतोय!

"काळवंडला होता रे. रांगोळीनं घासला," अक्का कौतुकानं म्हणाली.

यशवंतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या कुणाला त्यांनी घराबाहेर काढलं असतं. पण अक्काला कोण बोलणार? आरती त्यांनी दात-ओठ खात म्हटली.

दुसऱ्या दिवशी नाण्यांच्या दुकानदारानं भिंगातून ओरखडे पाहिले आणि मान हलवली. "आता नुसत्या चांदीचा भाव."

बायको पद्मजा गाडीत जीव मुठीत धरून बसली होती. ते आले, स्टिअरिंगमागे बसले आणि उघड्या हातानं डॉलर चाचपू लागले.

"एकोणीस वर्षं जपला," ते म्हणाले. "याचे पंख हाताला लागतात, हे आज कळलं गं." आणि त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की काच धुरकटली.

घरी येताच त्यांनी कपाटातले सगळे डबे अक्कापुढे मांडले. "अक्का, रांगोळी उरलीय का गं?"