सफेद्याचा वास

नळाच्या आट्यांना लावतात त्या सफेद्याचा वास आला की भिसेगावची आमची न्हाणी आठवते. अर्धांगवायूनंतर वडिलांना तांब्या उचलवेना, म्हणून मीच शॉवर बसवला. गळू नये म्हणून आट्यांवर सफेदा लावून सुतळी इतकी गुंडाळली की तिचा बोळा कॉकच्या तोंडात अडकला आणि करंगळीएवढीच धार पडू लागली. वडील तिच्याखाली पाटावर कुडकुडत बसायचे. "ऱ्हाऊ दे रं, पुरतंय मला," म्हणायचे. चौक गावचा नळवाला आणायचं मी पावसाळाभर लांबवलं. अखेर त्यानं तो बोळा काढला, पाणी धो धो आलं. आवाज ऐकून वडील खाटेवरून म्हणाले, "उद्या चांगला न्हातो." पहाटे ते गेले. त्या धारेखाली पहिली अंघोळ मी केली, त्यांना पोचवून आल्यावर. आजही घरात शॉवर आहे. मी बादलीच घेतो.