उसातून माझाच आवाज

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. असे किस्से वाचून मीही लय हसलोय. भूत, चकवा, करणी असलं काही माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. देव मानतो, पण तो वर असतो… उसात नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, शिराळ्याजवळ. आई मी लहान असतानाच गेली. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर होऊन ऊस करतात. मी बंगलोरला नोकरीला असताना मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेलो, तेव्हा गावात बोंबाबोंब झाली — "अमोल बाटला!" आप्पा मात्र म्हणाले, "पलटणीत मी मंदिर, मशीद, गुरुद्वारा सगळीकडं सॅल्यूट ठोकलाय. तुझा देव तुला, माझा मला. जेवायला मातुर माझ्याशेजारीच बसायचं."

पुढे मला मिशनरी म्हणून आफ्रिकेत, घानाला पाठवलं. समुद्राकाठचं छोटं शहर, पत्र्याच्या छपराखाली दोन खोल्या. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. पंथाच्या नियमानं चहा बंद. आमच्या भागातल्या माणसाला चहा बंद म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या! सकाळी उठून आंघोळ, मक्याची पेज, आणि मग जोडीदाराबरोबर शास्त्रवाचन. एक वचन त्यानं मोठ्यानं वाचायचं, पुढचं मी. मिशनरी कधी एकटा राहत नाही. जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात, बाथरूम तेवढी एकट्याची. घरी फोन फक्त आमच्या सुट्टीच्या दिवशी, सोमवारी.

जोडीचा नियम आप्पांना फार आवडला. "आमच्यात बडी असतो तसंच की! बडीबिगर जवान हलत न्हाई." माझा जोडीदार होता युगांडाचा एल्डर ओकेलो. आमच्यात सगळ्या पोरांना एल्डरच म्हणतात. गडी एकदम सरळ, शिस्तीचा. दर सोमवारी तो माझ्या फोनमध्ये तोंड घालून त्याला येणारं एकुलतं एक मराठी वाक्य फेकायचा, "आप्पा, जेवला का?" आप्पा खूश.

त्या दिवशी गुरुवार होता. तिथे सकाळ, म्हणजे आपल्याकडे भर दुपार. मी माझं वचन वाचलं. ओकेलोची पाळी आली. बोट ओळीवर तसंच. मग त्यानं तोंड उघडलं…

"आप्पा, हिकडं या. उसातनं सरळ या."

मराठीत! आणि आवाज माझा. माझ्यासारखा नाही हो, माझा! मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना जसं नकोसं वाटतं, अगदी तसं वाटलं.

आमच्या उसातून सरळ गेलं की विहीर लागते. जुनी, बिनकठड्याची. ऊस वाढला की ती दिसतच नाही. ओकेलोला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. फोन लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला.

"आप्पा, कुठं आहात?"

"कोन बोलतंय?"

"मी अमोल!"

पलीकडे नुसता पाल्याचा सळसळाट. मग आप्पा एकदम हळू आवाजात म्हणाले, "अमोल तर म्होरं उसात हाय. मला बोलवतोय. तू कोन?"

"आप्पा, मी घानात आहे! तिथंच थांबा, पाऊल टाकू नका!"

"आज बेस्तरवार. आमचा अमोल सोमवारी फोन करतो. नियम हाय त्यांचा. खरं सांग, कोन हायस?"

आणि तेवढ्यात फोनमधून, आप्पांच्या पलीकडून, मला माझीच हाक ऐकू आली. "आप्पा… या की."

मी अक्षरशः रडायला लागलो. "आईची शपथ आप्पा, मीच आहे!"

"ते बी आईचीच शपथ घेतंय," आप्पा म्हणाले. फौजेतला माणूस तो, पण आवाज कापत होता. पाला पुन्हा वाजायला लागला. ते चालत होते.

माझी अक्कलच बंद पडली. समोर ओकेलो घाबरून, "काय झालं, काय झालं?" असं इंग्रजीत विचारत होता. मी फोन त्याच्या तोंडाशी धरला आणि ओरडलो, "बोल! आप्पांशी बोल!"

बिचाऱ्याला येत होतं तेवढंच तो बोलला. "आप्पा… जेवला का?"

पाल्याचा आवाज थांबला.

"न्हाई बाबा," आप्पा म्हणाले. "अजून न्हाई जेवलो." मग ते उसाकडे तोंड करून गरजले, "ए, तुझा दुसरा, तुझा बडी कुठाय रं? त्याला बोलू दे आदी!"

कुणी बोललं नाही. मी कान देऊन ऐकत होतो. मग आप्पा फोनवर म्हणाले, "मागं फिरलो रं अमोल." ते घरी पोचेपर्यंत मी फोन ठेवला नाही. पुढे चुलतभावांनी जाऊन बघितलं, तर आप्पांच्या चपलांचे ठसे विहिरीच्या अगदी तोंडाशी जाऊन मागे वळलेले. दुसऱ्या कुणाच्या पावलांची खूण नव्हती.

ओकेलो आजही छातीवर हात ठेवून सांगतो, "मी माझं वचन नीट वाचलं, तूच मध्येच किंचाळलास." आमचे वरिष्ठ म्हणाले, प्रार्थना करा. गावात म्हणाले, चकवा. अहो, चकवा माणसाची वाट चुकवतो, मान्य! पण घानातल्या खोलीत येऊन युगांडाच्या पोराच्या तोंडून माझ्या आवाजात कशाला बोलेल? डोकं फोडून घेतलं तरी मला उत्तर मिळालेलं नाही.

मिशन संपवून मी घरी आलो. विहीर बुजवली. सगळं ठीक आहे म्हणायचं. पण समोरासमोर बसलो की आप्पा नेहमीसारखे बोलतात, आणि लांबून हाक मारली की येत नाहीत. परवा दुपारी डबा घेऊन रानात गेलो. बांधावरून ओरडलो, "आप्पा, जेवायला या!"

आप्पा पलीकडच्या सरीत उभे होते. माझ्याकडेच बघत होते. हातातला विळा त्यांनी घट्ट धरला.

"दुसरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी एकटाच होतो. डबा बांधावर ठेवला आणि मागे सरलो. मी पार रस्त्यावर पोचलो, तेव्हा कुठे आप्पा जेवायला आले.