हाय आणि हजर

साठच्या दशकात मी पुण्याहून पालघरच्या एका हायस्कुलात मास्तर म्हणून आलो, तो शुद्ध भाषेचा ताठा घेऊनच. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात डोंगरातल्या पाड्यावरून चालत येणारी एक मुलगी होती. हजेरीला तिचं नाव पुकारलं की ती म्हणायची, "हाय, सर."

"हाय हाय काय करतेस? कोण मेलंय? 'हजर' म्हण!" मी खेकसायचो. वर्ग हसायचा. ती समोर उभी असताना मी तिची गैरहजेरी मांडायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हाय"च. घाबरलं की माणसाच्या तोंडून घरचीच बोली येते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

भातकापणीत ती खरोखरच पंधरा दिवस आली नव्हती. परीक्षेच्या फॉर्मबरोबर हजेरीचा तक्ता बोर्डाकडे गेला आणि तिचा फॉर्म परत आला. हजेरी भरत नव्हती.

"पन मी होती ना, सर?" एवढंच ती म्हणाली.

मी हेडमास्तरांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी हजेरीपट पुढे सरकवला. "यातल्या खोट्या गैरहजेऱ्या कुठल्या, तेवढ्या दाखवा. बोर्डाला कळवतो." मला एकही ओळखता येईना. सगळ्या एकाच शाईतल्या, माझ्याच हातच्या.

जूनमध्ये अकरावीच्या पटावर तिचं नाव पुन्हा होतं. ती आली नाही. नाव कमी करायची मुदत उलटली, तरी मी ते रोज पुकारत होतो. एकदा तरी "हाय" ऐकू येईल म्हणून.